पोरं पाठ केलेलं बोलतात



मागच्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका हायस्कूलने आम्हाला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावले. विषय 'बळीराजाची व्यथा'. चौदा पोरे बोलली. नऊ-दहा जणांचे भाषण एकाच पुस्तकातले, हात वर करायची जागासुद्धा तीच. नंबरात आलेल्या नववीच्या मुलीला आम्ही सहज विचारले, "ताई, यंदा तुमच्या घरचा कापूस काय भावाने गेला?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "सहा हजार आठशे. वर क्विंटलमागे दोन किलो कट्टी धरली." हे भाषणात का नाही सांगितलेस? "सरांनी लिहून दिलेल्यात नव्हतं."

चालू विषय वर्गात नकोत, त्यात राजकारण येते, असे मास्तर मंडळी म्हणतात. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, त्यानंतर तर आरक्षणाचे नाव काढायचीही चोरी. भीती खोटी नाही. गावात राहायचे असते. पण वर्गात बंदी घातली म्हणून पोरे थांबली काय? मोबाइलच्या स्टेटसवर रोज एकमेकांवर तुटून पडतात आणि सकाळी एकाच बाकावर मुकाट बसतात.

मराठवाड्याला तोंडबंदी नवी नाही. निजामाच्या गश्ती क्रमांक ५३ ने परवानगीवाचून सभा घ्यायची सोय ठेवली नव्हती. तरी १९३८ साली याच शहरातल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या पोरांनी 'वंदे मातरम्' म्हटले. पुढे उस्मानिया विद्यापीठातून पोरे काढली गेली, त्यांतली बरीच नागपूरला जाऊन शिकली. आज तशी गश्ती कुणी काढलेली नाही.

आरक्षणापासून सुरुवात करा असे आम्ही म्हणत नाही. कापसापासून करा. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. हे आकडे फळ्यावर लिहा. अर्धा वर्ग कापूसवाला, अर्धा सूतगिरणीवाला. गिरणीवाल्यांनी सांगावे की २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावल्यावर स्वस्त रुईवाचून कापड कसे खपणार होते, कामगार कुठे जाणार होते. अर्ध्या तासाने बाजू बदला. ज्याच्या बापाने कापूस पडत्या भावात घातला, त्याने गिरणीची बाजू मांडावी. त्याला जड जाईल, पण मांडू द्या. कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवले होते, खताचा गुण सांगायचा तर शेजारी बिनखताचा वाफा ठेवा. बिनखताचा वाफा न बघता गुण गाणारे विक्रेते आपल्या बांधावर कमी येत नाहीत.

मतदानाचे वय १९८९ पासून अठरा झाले. दहावीचे पोरगे दोन-तीन वर्षांत मत देणार, ग्रामसभेत बसणार. तिथे लिहून द्यायला सर नसतात.

पालक सभेत आपण आईबापांनी महिन्यातला एक शनिवार यासाठी मागून घ्यावा. आकड्यांचे कागद आम्ही पुरवू, वादात पडणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. पोरगे घरी येऊन विचारील, "दादा, ज्वारी मोडून सगळीकडे सरकीच का लावली?" त्याला चूप बसवू नका. आम्हालाही आमच्या घरात याचे धड उत्तर देता आलेले नाही.