खरे असले, तरी छापावे का?

सुटीच्या दिवशी कळंबच्या किनाऱ्यावर नालासोपारा, विरार आणि मुंबईहून माणसे येतात. भरतीत कोणी बुडाले, की शोध संपण्याआधीच वसई-विरारच्या ग्रुपवर माहिती फिरू लागते: कोण होते, कोणासोबत आले होते, प्यायले होते का. यातले काही खरेही निघते. वार्ताहर ते उचलतो, डेस्क मथळा देते आणि कोणी जाब विचारला तर उत्तर तयार असते, "खोटे काय छापले?"

ज्यू धर्मशास्त्रात हे उत्तर चालत नाही. दुसऱ्याला कमीपणा आणणारे किंवा त्याचे नुकसान करणारे बोलणे खरे असले तरी निषिद्ध; त्याला 'लाशोन हारा' म्हणतात. खोटी बदनामी हा त्याहून मोठा दोष. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी घालून दोघांत वितुष्ट आणणारी कागाळी हा आणखी वेगळा. नाव न घेता, थेट काही न म्हणता, नुसते सूचित करणे यालाही तिथे सूट नाही. त्याला लाशोन हाराची 'धूळ' म्हणतात. "या प्रकरणी परिसरात उलटसुलट चर्चा सुरू आहे" हे वाक्य मराठी बातमीत आजवर किती वेळा आले असेल! ती हीच धूळ आहे.

हे विखुरलेले नियम 1873 साली विल्ना शहरात छापलेल्या एका ग्रंथात एकत्र आले. लेखक रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्राएल मेइर कागान. त्यांच्या ग्रंथाचे नाव 'खाफेत्झ खाईम', आणि पुढे लोक त्यांनाही त्याच नावाने ओळखू लागले. पत्रकारांनी वाचावा असा त्यातला भाग म्हणजे वाईट बोलण्याची परवानगी केव्हा मिळते, हा. अटी सात आहेत. घटना स्वतः पाहिलेली असावी किंवा नीट पडताळलेली असावी. ती खरोखरच चूक आहे का, याचा घाईने निर्णय केलेला नसावा. आधी त्या माणसाशी थेट बोलून पाहिलेले असावे. तिखटमीठ लावू नये. हेतू कोणाच्या तरी भल्याचा असावा, मनातला राग काढण्याचा नव्हे. न बोलता तेच साधत असेल तर बोलू नये. आणि बोलल्याने त्या माणसाचे न्यायालयाने केले असते त्याहून जास्त नुकसान होऊ नये. शेवटची अट सर्वांत कडक आहे. छोट्या चोरीच्या संशयावरून एखाद्या पोराचे नाव, गाव आणि फोटो छापणारे दैनिक त्याला कोणत्याही न्यायाधीशाने दिली नसती एवढी शिक्षा देऊन मोकळे होते.

आपला कायदाही याच दिशेने बोलतो, हे अनेक वार्ताहरांना ठाऊक नसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये (पूर्वीचे भारतीय दंड विधान, कलम 499) पहिलाच अपवाद असा, की मजकूर खरा असावा आणि तो प्रसिद्ध होणे लोकहितासाठी आवश्यकही असावे. फौजदारी बदनामीत नुसते सत्य पुरत नाही. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला.

मग गप्पच बसायचे? नाही. बायबलमधल्या लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या ज्या ओळीत चहाड्या करत फिरू नये असे सांगितले आहे, तिच्याच उत्तरार्धात शेजाऱ्याचे रक्त सांडत असताना स्वस्थ उभे राहू नये, अशीही आज्ञा आहे. दोन्ही एका ओळीत. बाबिलोनने यहूदियावर अधिकारी म्हणून नेमलेल्या गदल्याला त्याच्या खुनाचा कट शिजत असल्याची खबर मिळाली होती. ती कागाळी समजून त्याने उडवून लावली, आणि तो मारला गेला. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात यावर चर्चा आहे, आणि तिचा निष्कर्ष असा, की अशा बोलण्यावर विश्वास ठेवू नये, पण सावध मात्र व्हावे. बातमीदाराला मिळणाऱ्या टिपेचे याहून नेमके वर्णन या मासिकाला माहीत नाही. टिप म्हणजे चौकशीला लागण्याचे कारण. ती बातमी नव्हे.

विश्वास आणि सावधपणा यांतला हा फरक पुसला गेला, तेव्हा महाराष्ट्रात माणसे मेली आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच जणांना ठार मारले गेले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. तरीही 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. त्या भागात चोर आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवा आधीपासून फिरत होत्या.

गडचिंचल्यानंतर आणखी एक अफवा उठली, या वेळी मारणारे एका विशिष्ट धर्माचे असल्याची. ती खोडण्यासाठी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या 101 जणांची यादीच समाजमाध्यमावर टाकली. हेतू चांगला होता आणि अफवा घातक होती. पण सहावी अट, न बोलता साधत असेल तर न बोलण्याची, इथे लावून पाहावी. अटक झालेल्यांत त्या धर्माचा एकही नाही, एवढे सांगून काम भागले असते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता, अशा माणसांची नावे देशभर गेली, आणि माध्यमांनीही ती पुढे पाठवली.

हे नियम मोडणाऱ्यांत खुद्द रब्बीही आहेत, आणि ती झळ मराठी माणसांना बसली आहे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने मराठी बोलत आपला धर्म पाळला; ठाण्यातले त्यांचे प्रार्थनामंदिर 1879 चे आहे. या समाजातले हजारो लोक इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने 1962 मध्ये त्यांच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. एका कागदाने सगळा समाज संशयित ठरला. 1964 मध्ये या लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले, ते पूर्णपणे ज्यू असल्याचे इस्रायलच्या संसदेने जाहीर केले, आणि अखेर निर्देशांतून समाजाचे नाव वगळण्यात आले. आपल्याकडे 'अमुक समाजाची टोळी जेरबंद' हा मथळा रोज तेच करतो. ब्रिटिशांनी 1871 मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, पण भटक्या-विमुक्तांवरचा तो गुन्हेगारीचा शिक्का बातम्यांतून अजून गेलेला नाही. राईनपाड्यातल्या पाच जणांकडे पाहताना जमावाच्या डोळ्यांपुढे असे किती मथळे असतील, याचा विचार प्रत्येक डेस्कने करावा.

ज्यू शास्त्रात लाशोन हाराचा दोष देवाची क्षमा मागून फिटत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जावे लागते. छापील अंकाच्या काळात हे अवघड होते. जुना अंक रद्दीत जाई, खुलासा आतल्या पानावर येई. आता बातमी पोर्टलवर कायम राहते, आणि नोकरीसाठी किंवा लग्नासाठी नाव शोधणाऱ्याला तीच आधी दिसते. म्हणून वसई, पालघर, डहाणूच्या प्रत्येक कार्यालयात नाव छापलेल्या आरोपींची एक नोंदवही असावी आणि ती दर तीन महिन्यांनी न्यायालयातल्या निकालांशी ताडून पाहावी. सुटका झाली असेल तर ती मूळ बातमीतच, मथळ्याखाली, तारखेसह जोडावी. हे काम नव्या वार्ताहराकडे न सोपवता ज्याने मूळ बातमी लिहिली त्याच्याकडेच द्यावे.