शेतकऱ्याला लावायची मोजपट्टी

लहान शेतकरी अकार्यक्षम असतो, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की, ही अकार्यक्षमता मोजली कोणी आणि कशी, असे विचारण्याची गरजच कोणास वाटत नाही. वस्तुतः अर्थशास्त्रात हा खटाटोप जुना आहे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये सुचविलेली कल्पना अशी : समान साधनांत सर्वाधिक पीक काढणाऱ्यांना सीमारेषा मानावे आणि बाकीचे तिच्यापासून किती मागे आहेत ते पाहावे. १९७७ पासून पाऊसपाण्यासारख्या यादृच्छिक कारणांचा वाटा वेगळा काढण्याचीही सोय झाली. तथापि, तक्त्यात ज्याची नोंदच नाही, त्याचे खापर पुष्कळदा शेतकऱ्याच्याच माथी फुटते.

सोलापूरकडची रब्बी ज्वारी पाहा. ती पोसते मुख्यतः काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. शेजारच्याच दोन शेतांत मातीची खोली वेगळी असते आणि तिच्याबरोबर उताराही बदलतो. तक्त्यात मात्र दोन्हीकडे ‘एक हेक्टर कोरडवाहू’! शिवाय उत्पन्न म्हणजे केवळ धान्य, असे धरले की मालदांडीचा कडबा हिशेबातून गळतो. दावणीला जनावरे असणारा शेतकरी असा हिशेब कधीच करणार नाही.

याहून गहन प्रश्न घरच्या श्रमांचा. लहान जमिनीत एकरी उत्पादन अधिक निघते, पण कुटुंबाच्या राबण्याला बाजारभावाने मजुरी लावली की, तीच शेती आतबट्ट्याची दिसू लागते, हे अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्येच दाखविले होते. मजुरी लावणे सर्वस्वी गैर आहे, असे नव्हे. जवळच्या शहरात काम मिळत असेल तर ती रास्तच. परंतु ज्या महिन्यांत कोणी कामावर बोलावतच नाही, त्या महिन्यांची मजुरी कागदावरचीच ठरते.

हा वाद पंडिती नाही. शेतकरी अकार्यक्षम ठरला, तर शासन त्याला शिकवू पाहते. तो आहे त्या साधनांचा चोख वापर करतो, असे आढळले, तर पाणी, बियाणे आणि भाव यांची जबाबदारी शासनावर येते. शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये हा दुसरा पक्ष हिरिरीने मांडला. त्यांचे निष्कर्ष सर्वत्र लागू पडत नाहीत, हे मान्य. पण पहिल्या पक्षाचे पुरावे तरी कोणत्या तक्त्यांतून आले? निदान यापुढील पाहण्यांत मातीची खोली, पेरणीची तारीख आणि कडब्याचे वजन यांसाठी तीन रकाने वाढवावेत. खर्च फारसा येणार नाही.