जॅकेट कानापर्यंत आलं तेव्हा

आम्ही कल्याण, डोंबिवली आणि मुंब्र्यात विखुरलेल्या जावा-नणंदा. वर्षातून एक दिवस सगळ्या मुलाबाळांना घेऊन बाहेर पडायचं, असा आमचा शिरस्ता. यंदा मुलांनी बाग नको, किल्ला नको, कयाक चालवायची म्हणून हट्ट धरला.

उल्हास नदी दारात असताना शंभरेक किलोमीटरवर कोलाडला कशाला जायचं, असा प्रश्न अब्बांनी टाकलाच. पण कल्याणजवळची उल्हास म्हणजे भरती-ओहोटीची खाडी, वर गटारांचं पाणी. मोहन्याच्या बाजूला उन्हाळ्यात जलपर्णीचं हिरवं रान. पावसाळ्यात तिचं रूप वेगळंच. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस तिच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले, ते आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलंय.

म्हणून फजर पढून निघालो. पनवेल, पेण, नागोठणे करत कोलाड. तिथल्या कुंडलिका नदीची गंमत अशी की तिच्यातलं बरंचसं पाणी मूळचं घाटावरचं. मुळा नदी पूर्वेला जाणारी. तिला मुळशीला अडवून पाणी बोगद्याने भिऱ्याच्या वीजघरात उतरवतात, आणि वीज झाली की ते कुंडलिकेतून रेवदंड्याकडे अरबी समुद्रात जातं. याच धरणासाठी गावं बुडाली आणि १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. वीजघरातून पाणी सुटलं की त्या जोरावर राफ्ट चालतात, आणि कोरडे दगड बघता बघता पाण्याखाली जातात. तेव्हा भगिनींनो, फोटोसाठी मुलांना पात्रात मधोमध उभं करू नका.

आम्हाला मिळाली संथ पाण्याची जागा. कॅनोमध्ये एका पात्याचं वल्हं असतं, आपल्या होडीसारखं. कयाकला दोन्ही टोकांना पातं. पाय पुढे पसरून बसायचं आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. मुलं दहा मिनिटांत शिकली.

धाकट्या जाऊच्या बारा वर्षांच्या मुलीला दिलेलं जॅकेट मोठं होतं. खांद्याला धरून वर ओढलं तर थेट कानापर्यंत आलं. दुसरं आहे का, असं आम्ही विचारलं. देणारा पोरगा म्हणाला, "चालतं मॅडम, पाणी संथ आहे." मागे रांग, आमचेच पुरुष घड्याळ बघतायत. आम्ही गप्प बसलो. लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असंच.

दोघी बहिणी एका कयाकमध्ये. खंड्या दिसला म्हणून दोघी एकाच बाजूला झुकल्या आणि कयाक उलटली. मोठी लगेच वर आली. धाकटीचं जॅकेट वर सरकून कानांभोवती अडकलेलं, हात वर, तोंड पाण्याच्या रेषेवर. गाईडने उडी मारून तिला धरलं तोवर दहा सेकंदंही गेली नसतील. तिची आई काठावर गुडघाभर पाण्यात उभी. पुढे जाता येईना, कारण पोहता येत नाही. आमच्या बावीस जणांत पोहणारे तिघे, तिघेही पुरुष, आणि तिघेही गाडीतून बिर्याणीचं पातेलं उतरवत होते.

मग कळलं, लहान मापाचं जॅकेट होतं. शेडच्या मागे दोरीवर वाळत होतं.

जुहर नदीकाठीच पढली. अर्ध्या तासाने मुलगी म्हणाली, परत जायचंय. आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं. सासूबाई मात्र "जाऊ दे" म्हणाल्या. त्या बाणकोट खाडीकाठच्या. "आम्हाला तरीत बसल्याशिवाय बाजार नव्हता. जॅकेट कुणी पाहिलं होतं? पण घरात पोहता न येणारी एक पोर नव्हती. तुम्ही नदीकाठी राहून नळाखाली अंघोळ करणारी माणसं." जॅकेटशिवायच्या त्या जमान्याचं कौतुक आम्हाला नाही, बुडालेलेही असतीलच. पण बाकीच्या बोलण्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी गेली, या वेळी नीट मापाचं घालून आणि सगळे पट्टे आवळून.

कपड्यांचं सांगतो. अबायावर जॅकेट बसत नाही, ओला झाला की पायात गुंततो. आम्ही पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि पिनांशिवाय घट्ट बांधलेला स्कार्फ घातला. अडचण काही झाली नाही. खांद्याला धरून वर ओढायचं, हनुवटीच्या वर आलं तर बदलून मागायचं. मागे कितीही रांग असो.

परत आल्यावर जवळच्या तरणतलावावर बायकांच्या वेगळ्या बॅचची चौकशी केली. दुपारची वेळ मिळाली. तीन मुलींची नावं दिली. चौथा फॉर्म धाकट्या जाऊबाईंनी स्वतःसाठी आणलाय. तो अजून पर्समध्येच आहे. रोज विचारतो, रोज म्हणतात, उद्या भरते.