विमा ५ लाखांचा, पण लेकराच्या मिरगीच्या गोळीचं काय?

नागपूर (ग्रामीण) : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. आधी ही मर्यादा दीड लाख होती. मग ज्या घरात लेकराला कडक मिरगी आहे, त्या घरचा बाप सोयाबीन निघायच्या आधीच उसनवारीत काहून असतो? हा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

योजना खाटेची, आजार घरातला

योजनेचा पैसा मिळते तो भरती झाल्यावर. मिरगीचं लेकरू मात्र वर्षातले बहुतेक दिवस घरीच असते. त्याला लागते ते रोज सकाळ-संध्याकाळ औषध, महिना-दोन महिन्यांनी तपासणी, मधून ईईजी, कधी रक्ततपासणी. हा सगळा खर्च ओपीडीचा. तिथं हे ५ लाख कामी येत नाहीत.

दहापैकी साधारण सात जणांची मिरगी साध्या, नियमित औषधानं आटोक्यात येते. ही जुनी औषधं तशी स्वस्त आहेत. खरी मार पडते ती उरलेल्यांवर. एका औषधानं झटके थांबत नाहीत, मग दुसरं, मग तिसरं. लेकराचं वजन वाढलं की डोस वाढते, अन् डोससोबत बिलही वाढते.

बिलात न दिसणारा खर्च

पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी अन् औषध मोफत आहे. चांगली गोष्ट आहे. पण मेंदूचा डॉक्टर तिथं सहसा नसतो. तो नागपुरात : मेडिकल, सुपर स्पेशालिटी किंवा मिहानचं एम्स. नरखेड, भिवापूर, कुहीच्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जाते. झटके येणारं लेकरू एकट्याला सांभाळत नाही, म्हणून मायबाप दोघंही जातात.

२०२५-२६ चा रोहयोचा दर ३१२ रुपये धरा. दोघांची एक दिवसाची मजुरी ६२४ रुपये. वर्षाला १२ चकरा म्हणजे ७,४८८ रुपये, तेही भाडं अन् खाणंपिणं सोडून. अन् लेकराजवळ कोणीतरी लागते म्हणून मायनं वर्षात २०० दिवस निंदण, कापूस वेचणी सोडली, तर त्याच दरानं ६२,४०० रुपये गेले. हा खर्च कोणत्याच कागदावर येत नाही. पण घर मोडते ते याच्यानंच.

गोळी तुटली की काय होते

पैसा नसला की पहिली कात्री औषधाला लागते. चार दिवस झटका नाही आला तं "आता बरं आहे" म्हणून गोळी बंद होते. मिरगीचं औषध असं अचानक बंद करणं फार धोक्याचं. झटका थांबतच नाही, लेकरू आयसीयूत जाते. आता योजना लागू होते! म्हणजे स्वस्तातल्या गोळीसाठी या योजनेत सोय नाही, पण ती चुकल्यावर येणारं मोठं बिल सरकार भरते. यात फायदा ना सरकारचा, ना लेकराचा.

टीबीचं औषध आशाताईमार्फत गावात पोहोचते. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवास आहे. दोन्ही योग्यच. पण नुसत्या मिरगीला यातलं काहीच नाही.

आज काय मिळू शकते

- अंगणवाडी अन् शाळेत येणाऱ्या आरबीएसकेच्या पथकाला झटक्यांबद्दल सांगा. शून्य ते १८ वर्षांसाठीच्या या तपासणीत झटक्यांचा आजार धरलेला आहे.
- डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. तेच औषध जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त पडू शकते. पण आपल्या मनानं कंपनी बदलू नका, आधी विचारा.
- लेकराला सोबत मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर यूडीआयडी कार्ड काढा. ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर एसटी भाड्यात ७५ टक्के सूट मिळते. संजय गांधी निराधार योजनेत अटीत बसल्यास अनुदान आहे. केंद्राच्या निरामय विम्यात १ लाखाचं कवच आहे अन् त्यात ओपीडी, औषधही धरतात.
- झटका आला की चप्पल हुंगवणं, कांदा लावणं, दातात चमचा घालणं बंद करा. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८ लावा.
- तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं वाकत असेल तर पोटदुखी समजून थांबू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा अन् त्याच दिवशी दाखवा. इथं उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम होते.

मागणी मोठी नाही

मागायच्या गोष्टी तीनच. नागपूरच्या डॉक्टरनं लिहिलेलं औषध दर महिन्याला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळावं. महिन्यातून एकदा मेंदूच्या डॉक्टरचं शिबिर तालुक्याला व्हावं. अन् कडक मिरगीच्या लेकराला, सोबतच्या माणसासह, एसटी मोफत व्हावी. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या अन् त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या. आपल्या गावात मिरगीची लेकरं किती, हे त्या ठरावात लिहा. आकडा कागदावर आल्याशिवाय औषधाची मागणी वर जात नाही.