पाय घसरला म्हणजे नशीब फुटले नव्हे!

थंड देशांत बर्फावरून पाय घसरून मजूर जायबंदी होतो. आमच्या गोंदियात बर्फ पडत नाही, पण राईस मिल आहेत. उष्णा तांदूळ करताना धान हौदात भिजते, वाफेवर शिजते. सांडलेले पाणी, त्यावर बसलेला तेलकट कोंडा आणि पाठीवर 50 किलोंचा कट्टा! हमाल पडला की कंबर मोडते आणि घरची चूल विझते.

मालक म्हणतो, बघून चालायचे होते. मुकादम औषधापुरते पैसे देऊन कागदावर अंगठा घेतो. घरचे म्हणतात, नशीब! नशिबाची ही भाषा आम्ही 1956 साली दीक्षाभूमीवर टाकून आलो. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकविले. ओली फरशी हे कारण आहे आणि ती कोरडी ठेवणे मालकाचे काम आहे.

1948 च्या कारखाने कायद्याचे कलम 32 हेच सांगत होते: पाय घसरेल असा पदार्थ जमिनीवर राहता कामा नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमसंहिता लागू झाल्या. जुन्या कायद्यात वीज वापरणारी जागा 10 कामगारांवर कारखाना ठरत असे. संहितेत हा आकडा 20 झाला. मग लहान मिलमधल्या मजुराचे हाड काय कमी दुखते?

तरीही 1923 पासून चालत आलेला भरपाईचा हक्क शाबूत आहे. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक सुटत नाही. हक्क सोडल्याचा अंगठा कायद्यापुढे टिकत नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1943 साली आडारकरांकडे कामगार आरोग्य विम्याचे काम सोपविले गेले. त्यातूनच 1948 चा राज्य विमा कायदा आला. हा वारसा आम्ही अंगठ्याखाली दडपू द्यायचा काय?

शासकीय धानाची भरडाई याच मिलमध्ये होते. त्या करारातच कोरडी फरशी, पाण्याला नाली आणि मजुरांची हजेरी या अटी शासनाने घालाव्यात, ही आमची मागणी आहे. आणि बांधवांनो, कुणी पडला तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा, दवाखान्यात 'कामावर पडलो' असेच लिहून घ्या, सोबत्यांची साक्ष ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. दया नको, हक्क मागा!