दारू नव्हे, पुंगळी पाहा




जुन्या ली-एन्फिल्ड रायफलीसाठी .३०३ची काडतुसं घरी भरणाऱ्यांनी ‘दारू थोडी कमी घातली की झालं’, हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. छापील तक्त्यातल्या किमान मापाखाली जाणंही घातकच. पण खरा दगा देते ती काडतुसाची पितळी पुंगळी.

चिखलाने माखलेलं काडतूसही आत बसावं म्हणून या लष्करी रायफलींचं चेंबर ऐसपैस कातलेलं असतं. काडतूस बुडाच्या कडेवर अडतं, खांद्यापुढे जागा मोकळी राहते. बार उडाला की पुंगळी ताणली जाऊन ती जागा भरते. हौशी मंडळी तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. पुढच्या बाराला ती पुन्हा ताणली जाते. पितळ पातळ होतं ते बुडाच्या जरा वर, आणि एक दिवस तिथेच पुंगळीचे दोन तुकडे होतात. तापलेला वायू मग नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो.

तारेचं टोक वाकवून पुंगळी आतून चाचपावी. खाच लागली, किंवा बाहेर चकचकीत कडं दिसलं, तर ती पकडीने चेपून सरळ भंगारात टाकावी. साच्यात पुंगळीची फक्त मान दाबावी आणि पुंगळ्या त्याच रायफलीला वापराव्यात.

हे सारं जिथे कायदा परवानगी देतो, तिथल्यांसाठी. भारतात .३०३ प्रतिबंधित बोअर आहे आणि परवान्याविना काडतुसं भरणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.

आपला,
एक वाचक, ओंटारिओ (कॅनडा)