कुत्र्याचा कान कोण पाहतो?

रात्री कुत्री भांडली, की सकाळी इंदूरच्या आमच्या मोहल्ल्यात पंचायत बसते. एक पक्ष म्हणतो, “या पिवळ्याची नसबंदी झालेलीच नाही, पाहा कसा खांबाखांबाशी पाय वर करतो!” दुसरा म्हणतो, “झालीय हो, बघा किती सुस्त पडलाय.” माझ्या मते दोन्ही पुरावे कुचकामी. पाय वर करण्याची सवय शस्त्रक्रियेनंतरही राहू शकते. आणि मे महिन्याच्या दुपारी सुस्त कोण नसते?

पहिला पुरावा कानावर असतो. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानावर खूण असावी, हे २००१ च्या नियमांतच आले. २०२३ मध्ये नियम नवे झाले, खूण राहिली. कानाच्या कडेला खाच असते किंवा टोक सरळ छाटलेले असते. भूल दिलेली असताना केलेली ही खाच नीटस दिसते. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो.

खाच नसेल तर मागून पाहावे. आपण ‘नसबंदी’ म्हणतो खरे, पण नुसती नस कापून थांबत नाहीत, वृषणच काढतात. त्यामुळे पिशवी रिकामी, आक्रसलेली दिसते. मादीचा व्रण केसांत दडतो, नराचे तसे नाही. मात्र एक मेख आहे. एखाद्या कुत्र्याचे वृषण जन्मापासून पोटातच राहिलेले असतात. तो दिसतो नसबंदी झालेला, असतो मात्र शाबूत. तिथे पशुवैद्यच हवा.

अंदाज चुकला, तर एखादे मुके जनावर विनाकारण दुसऱ्यांदा पकडले जाते, नाहीतर गल्लीत पिलांची भर पडते. पण मला जास्त भीती वाटते ती खाचेवरच्या आंधळ्या विश्वासाची. खाच शस्त्रक्रियेची साक्ष देते. रेबीजची लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते, ती शेवटची कधी टोचली हे कान सांगत नाही. “खाच आहे, काही होत नाही,” म्हणत चावा अंगावर काढणारे शहाणे आपल्यातही आहेत. जखम साबणाने वाहत्या पाण्यात १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग कान कसाही असो.

खंडोबाच्या नावाने कुत्र्याला पोळी घालणारी घरे आपली. गणपतीच्या वर्गणीची वही प्रत्येक मोहल्ल्यात असतेच. तिची मागली चार पाने या कामी लावावीत: कुत्र्याचा रंग, कानाची खूण, शस्त्रक्रियेची तारीख, लसीची तारीख. पंचायतीला निदान कागद तरी मिळेल.